लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात



शिंदखेड्याच्या या मेळाव्यात आम्ही कोल्हापूरकडील एका सेनानीचे चरित्र मुद्दाम निवडले आहे. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगाव येथे थोरातांच्या पंजाबी पलटणीने जपानी सैन्याकडून मोक्याची टेकडी जिंकली, त्यांना डी. एस. ओ. हा सन्मान लाभला. परंतु खरी कसोटी पुढेच होती. पूर्व विभागाचे सेनापती या नात्याने त्यांनी १९५९ मध्ये चिनी आक्रमणाचा लेखी इशारा दिला. १९६० मध्ये ‘लाल किल्ला’ या सरावातून धोका दाखविला. तो इशारा मानला गेला नाही. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९६२ मध्ये त्यांचे शब्द खरे ठरले.

ज्ञातीच्या सभेत अप्रिय परंतु हिताचे बोलणारा तरुण उभा राहिल्यास त्यास खाली बसवू नये, एवढीच आमची विनंती.