वाळूतली बाटली
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



आमचं गाव सिंधुदुर्गातलं, अगदी समुद्राला लागून. तिथल्या शाळेत मी 30 वर्षं मास्तर होतो. आता सकाळी किनाऱ्यावर फिरायला जातो आणि रापण ओढणाऱ्यांशी गप्पा मारत बसतो. ज्यांना रापण ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून जाळं अर्धगोल टाकत समुद्रात फिरवून आणायचं आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे. प्रत्येक दोराला पंधरा-वीस माणसं लागतात. त्यांच्या पायात चपला नसतात, कारण उघडी टाच वाळूत रुतवल्याशिवाय ओढीला जोर येत नाही.

काही वर्षांपूर्वी 1 जानेवारीच्या सकाळी अशीच रापण लागली होती. आदल्या रात्री किनाऱ्यावर नववर्षाचं स्वागत झालेलं. दोर ओढता ओढता माझा शेजारी एकदम खाली बसला. फुटक्या बाटलीचा बूड टाचेत घुसला होता. सात टाके पडले आणि तीन आठवडे तो घरी बसून राहिला. रापणीत जो ओढतो त्याला वाटा, त्यामुळे त्याचे तीन आठवडे कोरडेच गेले. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "मास्तरांनू, समुद्र आमका कधी चावलो नाय, ही बाटली मात्र चावली."

मी दारूबंदीचा प्रचारक नाही, हे आधीच सांगून टाकतो. कोणी आपल्या घरात किंवा हॉटेलात बसून काय प्यावं, हा माझा विषय नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, गर्दीच्या चार-सहा दिवसांत सगळ्यांच्या मालकीच्या जागेवर बाटली न्यावी का? मला वाटतं, नेऊ नये.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि कागदोपत्री पिणाऱ्याला परवाना लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना 5 रुपयांना मिळतो हे किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे! पण त्याच सरकारने अनेक वर्षं 24, 25 आणि 31 डिसेंबरला दुकानांना रात्री एकपर्यंत आणि बारना पहाटे पाचपर्यंत सवलत दिली आहे. आता मला सांगा, रात्री एक वाजता दुकानातून बाटली घेतलेला पाहुणा ती घेऊन कुठे जाणार? लॉजवाला आत पिऊ देत नाही, आणि किनाऱ्याला तर दार नसतं. 15 ऑगस्टला दुकानं बंद असतात, पण मंडळी आदल्या दिवशीच डिकी भरून निघतात. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो. अनुभवी नाखवाही तेव्हा पाण्याकडे दोनदा बघतो.

बुडून मरणारा प्रत्येक माणूस प्यालेला असतो, असं मात्र कोणी समजू नये. 2016 साली मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले 14 विद्यार्थी गेले. त्यात दारूचा काही संबंध नव्हता, ओहोटीचा होता. पण जो समुद्र शुद्धीतल्या पोरांना असा ओढून नेतो, तो झिंगलेल्याला काय सोडणार? दारूने तोल जातो, हात-पाय उशिरा हलतात आणि मुख्य म्हणजे भीती मरते. कमरेइतक्या पाण्यात लाटेने पाडलं तर शुद्धीतला माणूस धडपडून उठतो. प्यालेल्याला वर-खाली कुठे तेच उमगत नाही. त्याला वाचवायला जो उडी मारतो, तो बहुधा आमच्याच वाडीतला एखादा पोरगा असतो, आणि घाबरलेला बुडता माणूस त्याच्याच गळ्याला मिठी मारतो.

शेजारच्या गोव्याचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. तिथे दारू स्वस्त, पर्यटन हाच धंदा. तरीही 2019 मध्ये पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती करून उघड्या किनाऱ्यावर पिण्याला बंदी आली. एकट्याला 2,000 रुपये आणि टोळक्याला 10,000 रुपये दंड ठरला. 2025 मध्ये दंड आणखी वाढवला. यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो : पैसेवाला शॅकमध्ये बसून प्याला तर तो गिऱ्हाईक, आणि चार पावलांवर वाळूत बसून प्याला तर गरीब गुन्हेगार. आक्षेपात तथ्य आहे, मी तो उडवून लावत नाही. पण शॅकवाल्याची बाटली मोजून परत क्रेटमध्ये जाते. गिऱ्हाइकाचा तोल गेला तर विचारायला मालक असतो. वाळूतल्या बाटलीला मालक नसतो.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यात 2024 च्या पावसाळ्यात मावळ, मुळशी वगैरे भागांतल्या धबधब्यांवर आणि धरणांवर मद्यपानाला बंदी करणारा आदेश निघाला. चांगलं झालं. पण असे आदेश पाटीवर राहतात, कारण पोलीस पोहोचतो तेव्हा बाटली रिकामी झालेली असते. दंड होतो, पण काच वाळूत राहते ती राहतेच. अडवायचं असेल तर ते पाण्याच्या काठावर नव्हे, रस्त्यावर. कोकणातल्या बहुतेक किनाऱ्यांना उतरायला एक किंवा दोनच वाटा असतात. तिथेच गाडी थांबवावी.

गेल्या डिसेंबरात आमच्या वाडीने तेच करून पाहिलं. 24 पासून 1 तारखेपर्यंत, नऊच दिवस. वाटेच्या तोंडाशी टेबल, दोन पोरं, एक वयस्क बाई आणि पोलीसपाटील. बाटली असेल तर नाव लिहून ठेवून घ्यायची आणि परतताना द्यायची. जप्ती नाही, भाषण नाही. न्याहारी-निवासवाल्यांनी सुरुवातीला कुरकूर केली, गिऱ्हाईक तुटेल म्हणाले. काहींनी गाडी वळवलीही, खोटं कशाला सांगू? पण दोन घरांत उतरलेली कुटुंबं एकेक दिवस जास्त राहिली, कारण संध्याकाळी बायकामुलांना घेऊन पाण्याकडे जाता येत होतं. एका रात्री मात्र चौघांनी टेबलच उलथवलं आणि पोलीस यायला पाऊण तास लागला. तेव्हा हे काम नुसत्या गावकऱ्यांवर सोडून चालणार नाही. त्या नऊ दिवसांपुरता तरी एक शिपाई कायम हवा. तसा अर्ज ग्रामपंचायतीने दिला आहे.

1 जानेवारीला पुन्हा रापण लागली. मी मुद्दाम लवकर गेलो होतो. पोरं आधी दोराच्या वाटेवरची वाळू पंजाने उकरून बघत होती. तीन बाटल्या मिळाल्या, तिन्ही अख्ख्या. माझा शेजारी दोराला होता, अनवाणीच.