लाकडाची बारीक धूळ आणि सँडरला जोडावयाची माफक खर्चाची साधने
(सुतारकाम करणारी कुटुंबे व आरोग्य केंद्रात येणारे नागरिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आपल्यापैकी अनेकांच्या घरी पिढ्यानपिढ्या सुतारकाम चालत आले आहे. उरलेल्यांच्या घरी कधी ना कधी सुतार कामाला येऊन गेला आहे. बैठकीच्या खोलीत फळ्या मांडून त्याने महिना-दोन महिने कपाटे आणि पलंग तयार केले आहेत. म्हणून आजचा विषय दोघांचाही आहे. लाकूड घासण्याच्या विजेच्या यंत्राला, म्हणजे सँडरला, धूळ गोळा करण्यासाठी काय जोडावे आणि ते कमी खर्चात कसे जमवावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

काही काळापूर्वी एक अनुभवी कारागीर आपल्या पुतण्याला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा एकोणीस वर्षांचा; दोन वर्षे काकांच्या हाताखाली काम शिकणारा आणि रात्री त्याच गाळ्यात झोपणारा. त्याला कोरडा खोकला होता, रात्री छातीत घरघर होत असे. क्षयरोगाची तपासणी केली, ती निर्दोष आली. बोलता बोलता मुलगा म्हणाला, ‘दिवाळीत गावी गेलो की आठवड्यात बरा होतो.’ या एका वाक्याने निदानाची दिशा ठरली. मी काकांना गाळ्यातील धुळीविषयी विचारले. ते अभिमानाने म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, चाळीस हजारांचा परदेशी सँडर घेतला आहे. त्यातून धूळ उडतच नाही.’

पुढच्या भेटीत मी त्यांना यंत्र घेऊन यावयास सांगितले. यंत्र खरोखर उत्तम होते. मात्र त्याच्या मागील बाजूचे धूळ बाहेर टाकणारे तोंड उघडे होते. सोबत मिळालेली पिशवी ‘हाताच्या मध्ये येते’ म्हणून काढून ठेवली होती. तळाला लावलेला पॉलिश पेपर स्वस्तातला, छिद्रे नसलेला होता. त्यामुळे बहुतेक धूळ यंत्रात खेचलीच जात नव्हती, आणि जी थोडी जाई ती उघड्या तोंडातून खोलीत फेकली जाई. चाळीस हजार रुपये खर्चून त्यांनी धूळ उडविण्याचा पंखा विकत घेतला होता, असे मी म्हणालो. ते हसले, पण त्यांना ते लागलेही असावे.

या यंत्राची रचना समजून घेतली तर पुढचे सारे सोपे होते. गोल तबकडीच्या सँडरची तबकडी साधारणतः १२५ किंवा १५० मिलिमीटर व्यासाची असते आणि तिला छिद्रे असतात. कागदाची छिद्रे तबकडीच्या छिद्रांवर नेमकी बसली, तरच घासलेली पूड त्यांतून वर ओढली जाते व मागील तोंडाने बाहेर पडते. त्या तोंडाला काय जोडले आहे, यावर कामगाराच्या छातीत किती धूळ जाणार हे ठरते. यंत्राबरोबर येणारी कापडी पिशवी मुख्यत्वे जाडसर पूड अडविते. अतिसूक्ष्म कण तिच्या विणीतून निसटतात आणि तासन्‌तास हवेत तरंगत राहतात.

हे सूक्ष्म कणच घातक असतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड धरला, तर फुप्फुसांच्या खोल भागापर्यंत पोहोचणारे कण ५ मायक्रॉनहून लहान असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. रंध्याने पडलेला भुसा जमिनीवर राहतो, त्याची फारशी भीती नाही. सँडरची पूड हवेत राहते. साग, शिसम यांसारख्या लाकडांतील नैसर्गिक द्रव्यांमुळे काहींच्या त्वचेला खाज व पुरळ येते, काहींना दमा जडतो. एमडीएफ व प्लायवुडच्या धुळीत लाकडाबरोबर फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंकही असतो.

याहून गंभीर बाब नाकाची आहे. इंग्लंडमधील हाय विकम हे गाव खुर्च्या बनविणाऱ्यांचे. १९६० च्या दशकात तेथील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या असे लक्षात आले, की नाकाच्या पोकळीचा एरवी अत्यंत दुर्मीळ असलेला एक कर्करोग फर्निचर कामगारांमध्ये वारंवार आढळत आहे. पुढे अनेक देशांतून तसेच पुरावे मिळाले आणि १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात नोंदविली. हा रोग विरळा आहे हे खरे. पण तो कामाला लागल्यानंतर कित्येकदा तीस-चाळीस वर्षांनी डोके वर काढतो. सहारनपूरचे कोरीवकाम करणारे, जोधपूरचे निर्यातीचे फर्निचर बनविणारे, दिल्लीच्या कीर्तीनगरमधील पॉलिशवाले यांच्यापैकी जे आज विशीत आहेत, त्यांच्या साठीतल्या प्रकृतीविषयी आपण बोलत आहोत.

आता खर्चाचे बोलू. सँडर बनविणाऱ्या नामांकित कंपन्या स्वतःचे धूळशोषक यंत्रही विकतात आणि त्याची किंमत पुष्कळदा सँडरहून अधिक असते. ते घेता आले तर उत्तमच. पण ते नाही म्हणून काहीच नाही, ही वृत्ती सोडली पाहिजे. ओल्या व कोरड्या दोन्ही कामांसाठी असणारा साधा व्हॅक्यूम क्लीनर सँडरच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळतो. तो घेताना दोन गोष्टी मागून घ्याव्यात : आत बसणारी न विणलेल्या कापडाची पिशवी आणि हेपा प्रतीची गाळणी. युरोपीय मानकांत धूळशोषकांचे एल, एम व एच असे वर्ग आहेत. लाकडाच्या धुळीसाठी एम वर्ग सुचविला जातो, कारण तो हजार भागांतील एका भागाहून अधिक धूळ पुढे जाऊ देत नाही. पिशवी व हेपा गाळणी लावलेला साधा व्हॅक्यूम त्या वर्गाचा ठरत नाही, परंतु उघड्या तोंडाच्या सँडरशी त्याची तुलनाच नको. घरात गालिचे झाडण्यासाठी असलेला जुना, कापडी पिशवीचा व्हॅक्यूम मात्र या कामाला लावू नये. तो मागच्या बाजूने बारीक पूड पुन्हा खोलीत सोडतो.

पुढची अडचण जोडणीची. सँडरचे तोंड एका मापाचे आणि व्हॅक्यूमची नळी दुसऱ्या मापाची, हे नेहमीचेच. दुकानात जाताना दोन्ही मापे मोजून लिहून न्यावीत. पायऱ्या असलेला रबरी जोड मिळतो. तो हव्या त्या पायरीवर कापता येतो. तोही न मिळाल्यास सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा दोन्ही तोंडांवर ताणून क्लॅम्पने आवळला तरी काम भागते. मी हे स्वतः करून पाहिले आहे. सँडरसाठी २७ मिलिमीटरच्या आसपासची लवचीक नळी सोयीची असते. मात्र ती गरजेपेक्षा लांब ठेवली तर ओढ मंदावते. नळी स्थिरविद्युत न धरणारी असावी, नाहीतर हाताला झटके बसतात आणि आतल्या बाजूस पूड चिकटते.

सगळ्यांत जास्त पैसा वाचविते ते प्लास्टिकचे शंकूच्या आकाराचे विलगक, ज्याला कारागीर सायक्लोन म्हणतात. ते रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादलीच्या झाकणावर बसवावयाचे आणि सँडर व व्हॅक्यूम यांच्या मध्ये जोडावयाचे. आत हवा भोवऱ्यासारखी फिरते, जड पूड कडेला फेकली जाऊन बादलीत पडते आणि उरलेली हवा व्हॅक्यूमकडे जाते. त्यामुळे पिशवी लवकर भरत नाही, गाळणी कोंदत नाही. पातळ बादली हवेच्या ओढीने आत चेपते, म्हणून जाड भिंतींची निवडावी आणि झाकणाची कड हवाबंद करावी. एवढे मात्र ध्यानात असू द्या : अतिसूक्ष्म कण सायक्लोनलाही चकवतात. त्याने गाळणीचे आयुष्य वाढते, गाळणीची गरज संपत नाही.

कागदाच्या बाबतीत काटकसर करू नये. तबकडीशी जुळणाऱ्या छिद्रांचा कागद घ्यावा. जाळीचा पेपर याहून चांगला, कारण तो सगळ्या पृष्ठभागातून धूळ ओढू देतो. त्याच्याखाली पातळ संरक्षक पॅड लावावे, नाहीतर तबकडी लवकर झिजते. ओढ फार जोराची झाली तर यंत्र लाकडाला चिकटून वर्तुळाकार ओरखडे पडतात. अशा वेळी कारागीर चिडून नळीच काढून टाकतो. नळी काढू नये, ओढ कमी करावी.

विजेचा हिशेबही करावा. सहा अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टने सुमारे १,३८० वॅटच निघतात. ४०० वॅटचा सँडर व १,२०० वॅटचा व्हॅक्यूम एकाच साध्या एक्स्टेंशनवर लावले की तार तापते. सोळा अँपिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेट वापरावा. जमलेली पूड रात्रभर गाळ्यात ठेवू नये. लपलेल्या खिळ्याच्या ठिणगीने ती आतल्या आत धुमसू शकते. एमडीएफ, प्लाय वा पॉलिश केलेल्या लाकडाची पूड चुलीत जाळू नये.

एवढे करूनही नाकावर मास्क हवाच. तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवीत नाही. आय.एस. ९४७३ या भारतीय मानकाचा, एफएफपी-२ प्रतीचा मास्क घ्यावा आणि तो नाकाच्या कडेला नीट दाबून बसवावा. संध्याकाळी अंगावरची धूळ काढण्यासाठी कंप्रेसरची हवा मारून घेण्याची पद्धत जवळजवळ प्रत्येक गाळ्यात दिसते. ती बंद करावी. त्याच व्हॅक्यूमच्या नळीने कपडे साफ करावेत. कामाचे कपडे घरी झटकू नयेत आणि ते बाळाच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

ज्यांच्या घरी काम चालू आहे त्यांनी घासाईची खोली ओल्या पडद्याने वेगळी करावी, फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी, आणि भाव ठरवितानाच कारागिराला धूळशोषणाविषयी विचारावे. त्यासाठी तो थोडे अधिक मागत असेल तर घासाघीस करू नये. जुनी रंगविलेली दारे-खिडक्या हा वेगळाच धोका आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाले व २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते आणि ते लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. असा रंग सँडरने कोरडा घासू नये. पाणी मारून हाताने घासावा, आणि मुले व गरोदर स्त्रिया यांनी त्या दिवसांत दुसरीकडे राहावे.

सुतार बांधवांना प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीच्या व्याजाचे कर्ज मिळते. त्या कर्जातून यंत्रे घेण्याचा विचार करताना धूळशोषक शेवटी ठेवू नये, एवढी माझी विनंती आहे.

खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर ‘धुळीचा आहे’ असे ठरवून बसू नये. प्रथम क्षयरोगाची तपासणी करावी, ती शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. सुट्टीत कमी होणारा आणि कामावर परतताच वाढणारा खोकला, छातीतील घरघर, एकाच नाकपुडीचे आठवडेच्या आठवडे चोंदणे, एकाच नाकपुडीतून रक्त येणे, वास न येणे, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांना दाखवावे. आपण लाकूडकाम करता आणि किती वर्षे करता, हे न विचारताही सांगावे. आम्ही डॉक्टर हे विचारावयास पुष्कळदा विसरतो.

त्या काकांनी रंगाच्या बादलीचा सायक्लोन स्वतः बनविला. पुतण्या आता गाळ्यात झोपत नाही, मास्क लावतो, आणि दर सहा महिन्यांनी फुप्फुसांची क्षमता मोजण्यासाठी येतो. खोकला पुष्कळ उणावला आहे. इनहेलर मात्र अद्याप सुटलेला नाही. एकदा धुळीचा दमा जडला की धूळ थांबल्यावरही तो अनेकांना वर्षानुवर्षे सोडत नाही, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते.