एकसष्टचे उत्तर



आजच्या व्याख्यानाचा विषय एक संख्या आहे: १,७६,६३,१९,०४९. भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या ‘बीजगणित’ या भागात एक प्रश्न आहे. असा वर्ग सांगा, ज्याची ६१ पट करून त्यात एक मिळवला की पुन्हा पूर्ण वर्गच येईल. ६१ च्या जागी ६० असते, तर ४ ने काम भागले असते. १६ ची ६० पट ९६०, त्यात एक मिळवला की ३१ चा वर्ग. ६२ साठी ८ पुरतात. मधल्या ६१ साठी मात्र सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०, आणि शेवटी येणारा वर्ग आपल्या या अब्जातल्या संख्येचा. माझे म्हणणे एवढेच की या संख्येचे मोल तिच्या आकारात नाही. तिच्यापर्यंत नेणारी रीत आपल्या माणसांच्या हाती होती, याचा ती पुरावा आहे.

कोणी म्हणेल, आकडे टाकून पाहता पाहता सापडली असेल. एकापासून सुरुवात करून मिनिटाला एक संख्या तपासली आणि रात्रंदिवस थांबलो नाही, तरी उत्तराला पोचायला चारशे तीस वर्षे लागतील. चक्रवाळ रीतीने, म्हणजे एका जवळच्या उत्तरावरून फेऱ्याफेऱ्याने पुढचे काढत जाण्याच्या रीतीने, ते काम थोडक्या पायऱ्यांत होते. ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने जास्त. तिथून एक फेरा घेतला की ३९ चा वर्ग मिळतो. तो ५ च्या वर्गाच्या ६१ पटीपेक्षा ४ ने कमी. फरक चारवर आला की ब्रह्मगुप्तांची ‘भावना’, म्हणजे दोन उत्तरे गुंफून तिसरे काढण्याची युक्ती, पुढचे काम करते. तिने २९,७१८ आणि ३,८०५ हाती येतात. पहिल्याचा वर्ग दुसऱ्याच्या वर्गाच्या ६१ पटीपेक्षा फक्त एकाने कमी. या दोहोंच्या गुणाकाराची दुप्पट म्हणजे २२,६१,५३,९८०. आपल्या संख्येतून एक वजा केला की उरते ती २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट. एक मिळवला की होते ती ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट. इतकी घट्ट वीण योगायोगाने जमत नाही.

दुसरा आक्षेप श्रेयाचा. ब्रह्मगुप्त ६२८ सालचे, आणि चक्रवाळाची रीत जयदेवांच्या नावावर भास्कराचार्यांच्याही आधी नोंदलेली आहे. हे खरेच आहे, आणि त्याने माझे म्हणणे बळकटच होते. पिढ्यांनी घासूनपुसून घेतलेली रीत एका प्रतिभेच्या चमकेपेक्षा भरवशाची. तिसरा आक्षेप सिद्धतेचा. हे चक्र प्रत्येक वेळी उत्तरावर येऊन थांबतेच, याची सिद्धता भास्कराचार्यांनी लिहून ठेवलेली नाही, आणि अशा प्रश्नांना उत्तर असतेच हे युरोपात लाग्रांजने अठराव्या शतकात सिद्ध केले. ही उणीव मान्य करावी. पण ६१ चे उत्तर गुणाकार करून कोणालाही पडताळता येते. फर्मासारख्या गणितज्ञाने १६५७ साली हाच ६१ चा प्रश्न आपल्या समकालीनांना घातला, यावरून त्याची अवघडता कळावी.

भास्कराचार्यांच्या जन्मगावाविषयी वाद आहेत. पण आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, त्यांचे नातू चांगदेव यांचा शिलालेख आहे, आणि आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारल्याची नोंद त्यात आहे. त्या मठात शिकवायची होती ती रीत. म्हणून धरणगावच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: ही संख्या मुलांकडून पाठ करून घेऊ नका. फळ्यावर ८ चा वर्ग मांडा, तो ६१ पेक्षा तीनने मोठा आहे एवढे दाखवा, आणि पुढे २९,७१८ पर्यंत त्यांना स्वतः पोचू द्या.