‘एक पार्टी आहे माझ्याकडे…’

(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



जुलै महिना असतो, रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात आणि कर सल्लागाराचा फोन वाजतो. पलीकडचा माणूस पाऊसपाण्याची चौकशी न करता सुरू होतो, ‘एक पार्टी आहे माझ्याकडे…’ एवढ्यावरून कळतं की फोन क्लायंटचा नाही. दुसऱ्या कर सल्लागाराचा आहे आणि त्याचं काहीतरी अडलं आहे.

पार्टीला नाव नसतं. असलं तरी ते सांगायचं नसतं. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा १९४९ चा. कामाच्या ओघात समजलेली क्लायंटची माहिती त्याच्या संमतीवाचून बाहेर सांगणं हे या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक गैरवर्तन मानलं आहे. म्हणून ‘एक पार्टी’. गाव गाळायचं, आकडे राउंड करायचे, नातीगोती पुसून टाकायची आणि उरलेला सांगाडा मित्रापुढे ठेवायचा. पंचाईत अशी की, पुष्कळदा जे गाळलं त्यातच उत्तर असतं.

पुण्यातल्या एका फ्लॅटचा ८० लाखांना सौदा ठरला आहे, असं समजा. घेणाऱ्याचा सल्लागार विचारतो, ‘एक टक्का टीडीएस ना?’ ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीची जागा घेताना विकणाऱ्याच्या पैशातून एक टक्का कापून सरकारजमा करायचा, हा नियम २०१३ पासून आहे आणि तो आर्टिकलशिपला आलेल्या पोरालाही पाठ असतो. मित्र जेवता जेवता ‘हो’ म्हणून मोकळा होऊ शकतो. मुरलेला माणूस मात्र घास ताटात ठेवतो आणि विचारतो, ‘विकणारा राहतो कुठे?’

‘न्यू जर्सीला. मुलाकडे गेला होता, आता तिथंच असतो.’

झालं. विकणारा अनिवासी ठरला तर ते एक टक्क्याचं कलम लागतच नाही. वेगळं कलम लागतं, ५० लाखांची मर्यादा गळून पडते आणि दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के, शिवाय अधिभार आणि उपकर असा हिशेब सुरू होतो. विकणाऱ्यानं प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला नाही, तर घाबरलेला खरेदीदार पुष्कळदा अख्ख्या किमतीवरच कापतो. एक टक्का म्हणजे ८० हजार, साडेबारा टक्के म्हणजे १० लाख. कमी कापला तर खातं वसुलीला खरेदीदाराच्या दारात येणार, कारण विकणारा केव्हाच विमानात बसलेला असतो. आणि अनिवासी कोण, हे पासपोर्टच्या रंगावरून ठरत नाही, भारतात काढलेल्या दिवसांवरून ठरतं. म्हणून मित्राचा पुढचा प्रश्न, ‘पासपोर्टवरचे शिक्के मोजलेस का?’

दोन्ही कलमं दोघांनाही ठाऊक होती. फोन करणाऱ्याला सुचला नव्हता तो फक्त प्रश्न. या धंद्यात ज्याला मदत म्हणतात ती बहुतेक वेळा अशीच, उलट्या प्रश्नाच्या रूपात येते. कायद्याचं पुस्तक प्रत्येकाच्या कपाटात असतं. मित्राला फोन करायचा तो आपण पार्टीला काय विचारायला विसरलो ते कळावं म्हणून.

याचा सगळ्यात सुरेख नमुना गोव्यात सापडतो. मूळचं फोंड्याचं एक जोडपं पुण्यात स्थायिक आहे. नवऱ्याला नोकरी आहे, मडगावच्या गाळ्याचं भाडं येतं, बँकेत मुदत ठेवी आहेत. बायकोचं स्वतःचं उत्पन्न शून्य. पुण्याच्या सल्लागारानं सगळं नवऱ्याच्या रिटर्नमध्ये घालून कर काढला आहे. सहज म्हणून मडगावच्या ओळखीच्या सल्लागाराला तो गाळ्याच्या घरपट्टीबद्दल विचारायला जातो, आणि तिकडून प्रश्न येतो, ‘त्यांचं लग्न कुठल्या कायद्याखाली लागलंय?’

पुण्याच्या माणसाला हा प्रश्न आगाऊपणाचा वाटण्याची शक्यता आहे. प्राप्तिकराचा आणि लग्नाचा संबंध काय? गोव्यात तो आहे. तिथं १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता कुटुंबाच्या बाबतीत आजही चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते. मग उत्पन्न कोणाचं? गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला, पुढे प्राप्तिकर कायदा तिथं लागू झाला आणि हा घोळ कित्येक वर्षं कोर्टकचेऱ्यांत फिरत राहिला. अखेर १९९४ साली १९६१ च्या कायद्यात ५-ए हे कलम घातलं गेलं आणि त्याचा अंमल मागे नेऊन १ एप्रिल १९६३ पासून धरला गेला. कलम सांगतं की, पगार सोडून बाकी प्रत्येक प्रकारचं उत्पन्न नवराबायकोत निम्मं निम्मं वाटायचं आणि ज्याच्या त्याच्या रिटर्नमध्ये दाखवायचं.

(जाता जाता एक गंमत. या कलमात संहितेचं साल १८६० छापलं आहे. संहिता १८६७ ची. कर सल्लागार मंडळी असल्या चुका जिलबीसारख्या चवीनं खातात.)

म्हणजे गाळ्याचं भाडं अर्धं बायकोचं, ठेवींचं व्याजही अर्धं बायकोचं. पगार तेवढा नवऱ्याचा. बँकेनं सगळा टीडीएस नवऱ्याच्या पॅनवर कापलेला असला तरी त्याचं निम्मं श्रेय बायकोकडे जातं, त्यासाठी रिटर्नच्या फॉर्ममध्ये वेगळं परिशिष्ट आहे. जिचं उत्पन्न शून्य धरलं होतं तिलाही आता रिटर्न भरावं लागण्याची वेळ येते. आणि जोडपं पुण्यात राहतं, ठेवी पुण्यातल्या बँकेत आहेत, मग त्यांनाही हे लागू? इथे मडगावचा माणूसही थोडा थांबतो आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१९ च्या निकालाची आठवण काढतो. तो खटला वारसाहक्काचा होता, कराचा नव्हता. पण गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाची मुंबईतली मालमत्तासुद्धा वारशाच्या बाबतीत पोर्तुगीज संहितेखालीच येते, असं न्यायालयानं म्हटलं. तेव्हा पत्ता कुठला हे विचारून भागत नाही. अधिवास कुठला, तो मधल्या काळात बदलला का, लग्नाची नोंद कुठे झाली, करार होता का, हे विचारावं लागतं. मडगावच्या माणसानं इतकं सगळं सांगितलं ते फुकट. पुढे कधीतरी त्याची एखादी पार्टी मुंबईत गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासात अडकेल, तेव्हा फोन उलट्या दिशेनं जाईल.

आता कोणी म्हणेल, हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी ना? एकाच पेठेत पाट्या लावून बसलेले? आहेतच. पण ही स्पर्धा बांधलेली आहे. सी.ए. मंडळींना जाहिरात करून गिऱ्हाईक ओढायला मनाई आहे. दुसऱ्याकडचं ऑडिट घ्यायचं तर आधीच्या ऑडिटरला लेखी कळवल्याशिवाय ते घेता येत नाही, नाहीतर तेही गैरवर्तन. शिवाय एका उत्तरानं पार्टी पळत नाही. दरवर्षी कागद शोधून देणारा, नोटीस आली की धीर देणारा माणूस लोक एवढ्यातेवढ्यानं सोडत नाहीत.

एकमेकांना विचारायची ही सवय जुनी आहे. मुंबईची चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स १९२६ साली स्थापन झाली. त्या वेळी प्राप्तिकर कायदा १९२२ चा होता. १९४९ च्या जुलैत चार्टर्ड अकाउंटंट्सची राष्ट्रीय संस्था जन्माला आली आणि त्याच आठवड्यात बॉम्बे चार्टर्ड अकाउंटंट्स सोसायटीही. जमशेदजी कांगा आणि नानी पालखीवाला यांचा प्राप्तिकरावरचा ग्रंथ १९५० चा. त्याच पालखीवालांनी १९५८ मध्ये मुंबईच्या ग्रीन्स हॉटेलात अर्थसंकल्पावर भाषण केलं आणि पुढे त्यासाठी ब्रेबर्न स्टेडियम लागू लागलं. रूक्ष करविषयासाठी लोक स्टेडियममध्ये जातात, हे आज सांगितलं तर पोरं हसतील. पण आपण आत्ता इथे बसलोच आहोत की!

या संस्थांच्या निवासी शिबिरांत एक पद्धत रुळलेली आहे. अभ्यासक पेपर लिहितो, त्यात उत्तरं नसतात, नुसत्या केस स्टडी असतात. मंडळी गटागटानं बसून त्यांच्यावर भांडतात आणि मग पेपर लिहिणारा सगळ्यांसमोर आपली बाजू मांडतो. कोल्हापूर-कऱ्हाडकडच्या माणसानं अशा गटात गूळ आणला की मुंबईकर गप्प होतात.

गूळ म्हणजे असं. शेतीचं उत्पन्न प्राप्तिकरातून मोकळं. ऊस स्वतःच्या शेतातला, गुऱ्हाळ स्वतःचं, काहील चुलवाणावर चढते, गुळव्या रस आटवतो, ढेपा पडतात, बाजारात जातात. सगळं शेतकऱ्याचं, मग कर कसला? कायदा विचारतो, पीक बाजारात नेण्याजोगं करण्यासाठी शेतकरी सर्वसाधारणपणे जी प्रक्रिया करतो, तेवढीच ही आहे का? ऊस तर जसाच्या तसा विकला जातो. म्हणजे रस आटवणं ही पुढची पायरी झाली, आणि तिथून धंदा सुरू होतो. मग प्राप्तिकराच्या नियमांनुसार वाटणी. उदाहरणादाखल साधे आकडे घेऊ. १०० टन ऊस, त्याचा बाजारभाव टनाला ३,००० म्हणजे ३ लाख. गूळ ११ टन, किलोला ४५ प्रमाणे ४ लाख ९५ हजार. गाळपाचा, मजुरीचा, जळणाचा खर्च १ लाख १५ हजार. उरले ८० हजार, ते धंद्याचं उत्पन्न. उसाचे ३ लाख शेतीच्या बाजूला. लागवडीचा खर्च धंद्याच्या बाजूला पुन्हा वजा मागायचा नाही.

इथवर सगळे सहमत होतात. मग गटातला कोणी हात वर करतो, ‘पण पंचक्रोशीत कारखानाच नसेल, कच्चा ऊस घ्यायला कुणीच नसेल तर?’ तर वाद नव्यानं सुरू. कारण मग प्रश्न कलमाचा राहत नाही, त्या गावाचा होतो. रस्ता आहे का, कारखान्याची टोळी तिथं येते का, शेजारचा शेतकरी ऊस कुठे घालतो, याचे पुरावे गोळा करावे लागतात. या वादात ज्यानं गुऱ्हाळ पाहिलं आहे तो जिंकतो.

उसाचाच एक मोठा प्रश्न मात्र फोनवर सुटण्यातला नव्हता. सहकारी साखर कारखाने सभासदांना किमान दरापेक्षा जास्त दर देत. खातं म्हणे, वरचा पैसा खरेदीचा खर्च नाही, नफ्याची वाटणी आहे, तेव्हा त्यावर कर भरा. कारखान्यांचे सल्लागार वर्षानुवर्षं तोच मुद्दा मांडत राहिले. ५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात सांगितलं की, त्या दरात नफ्याचा अंश असतो, तो किती हे हिशेब पाहून ठरवा, आणि प्रकरणं परत खाली पाठवली. दरम्यान २०१६ पासून सरकारनं ठरवलेल्या किंवा मंजूर केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च म्हणून मान्य करणारी तरतूद आली होती. आधीच्या वर्षांचं ओझं २०२३ च्या अर्थसंकल्पानं उतरवलं. अर्थमंत्र्यांनी सवलतीचा आकडा जवळजवळ १० हजार कोटी सांगितला. इतकी वर्षं अपिलांचे मसुदे या कारखान्याकडून त्या कारखान्याकडे फिरत होते, त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही.

मसुद्याला आता तर फारच किंमत आली आहे. २०२० पासून चेहराविरहित तपासणी सुरू झाली. पूर्वी सल्लागार आयकर भवनात साहेबांसमोर बसून गूळ कसा करतात ते हातवारे करून समजावू शकत असे. आता तपासणारा अधिकारी कुठल्या शहरात बसला आहे तेही कळत नाही. त्यानं काहील आयुष्यात पाहिली नसेल. जे आहे ते पोर्टलवर चढवलेल्या उत्तरात. म्हणून शहाणा सल्लागार उत्तर पाठवण्याआधी ते दुसऱ्याला वाचायला देतो, आणि शक्यतो ज्याला त्या धंद्यातलं ओ की ठो कळत नाही अशालाच. त्याला समजलं तर अधिकाऱ्याला समजेल.

आणि नवा कायदा. २०२५ चा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू. आठशेच्या वर गेलेली कलमं ५३६ वर आली, ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आलं. गृहिणींनासुद्धा पाठ असलेलं ८०-सी आता १२३ झालं. पन्नाशी उलटलेल्या सल्लागारांची बोटं अजून जुन्याच आकड्यांवर जातात. त्यामुळे सध्या फोनची दिशा बदलली आहे. मुलगी नुकती सी.ए. झालेली, ‘मॅडम, जुनं अमुक नव्यात कुठे गेलं?’ असं तिलाच विचारणारे तिच्या वडिलांच्या वयाचे. तिला नवी कलमं येतात, पण न्यू जर्सीचा प्रश्न अजून सुचत नाही. तेव्हा देवाणघेवाण चालू आहे.

श्रोत्यांत बहुतेकजण फोनच्या या टोकाचे नाहीत, ‘पार्टी’ आहेत. तुमचा सल्लागार ‘उद्या सांगतो’ म्हणाला तर त्याला येत नाही असं समजू नका. तो रात्री कोणाला तरी फोन करणार आहे. त्याला तेवढं सगळं सांगून ठेवा. मुलगा परदेशात असतो हे सांगा, गावाकडे गुऱ्हाळ आहे हेही सांगा. आणि सभागृहात कोणी फोंड्या-मडगावकडचं असेल, तर येत्या जुलैत कागदांच्या पिशवीत फॉर्म सोळाबरोबर लग्नाचा दाखलाही टाका.