टंचाई शब्दांची की उसंतीची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषण)



अर्थशास्त्राच्या माणसाने बालकाच्या भाषेविषयी का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. माझे उत्तर असे की, या विषयाच्या मुळाशी वेळेचे आणि वेतनाचे अर्थशास्त्र आहे.

1995 साली बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली या अमेरिकन संशोधकांचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. कॅन्ससमधील 42 कुटुंबांत दरमहा एक तास बसून, सुमारे अडीच वर्षे, त्यांनी लहान मुलांशी होणारे बोलणे नोंदवले होते. सुशिक्षित व्यावसायिकांच्या घरी मूल तासाला सरासरी 2,153 शब्द ऐकत असे. सरकारी साहाय्यावर जगणाऱ्या घरांत 616. या हिशेबाने वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत दोहोंत तीन कोटी शब्दांचे अंतर पडते, असे अनुमान त्यांनी काढले.

हा आकडा जगभर गाजला आणि त्यातून एक सोयीस्कर बोध घेतला गेला : गरीब आई मुलाशी बोलत नाही, तेव्हा तिला बोलायला शिकवा! साहाय्यावर जगणारी कुटुंबे त्या 42 मध्ये अवघी सहा होती, याचा विचार फारसा झाला नाही. 2019 साली डग्लस स्पेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच निरनिराळ्या समाजांतील नोंदी प्रसिद्ध केल्या. एकाच आर्थिक स्तरातील घराघरांतही त्यांना मोठी तफावत दिसली. आणि घरातील इतर माणसांचे, मुलाच्या कानावर सहज पडणारे बोलणेही हिशेबात धरताच ते गाजलेले अंतर टिकले नाही.

म्हणून संवादाचे महत्त्व उणे होत नाही. चार ते सहा वर्षांच्या मुलांवरील 2018 च्या एका अमेरिकन अभ्यासात असे आढळले की, मेंदूतील भाषाकेंद्राच्या क्रियाशीलतेशी निव्वळ शब्दसंख्येपेक्षा बोलण्याच्या देवाणघेवाणीचा संबंध अधिक आहे. मुलाने काही म्हणावे, मोठ्याने त्याला उत्तर द्यावे, यातून बुद्धी फुलते. मात्र उत्तर द्यायला मोठ्या माणसाजवळ उसंत हवी, चित्त स्वस्थ हवे.

नेमके हेच बर्कले येथील संशोधकांनी 2022 साली दाखवले. पैशाच्या ओढगस्तीची आठवण करून दिल्यावर पालक मुलांशी कमी बोलले. महिनाअखेरीस, हातातले पैसे सरत आले असताना, घरातील बोलणेही घटते असे दुसऱ्या नोंदींत दिसले. मुलाशी कसे बोलावे हे त्या पालकांना ठाऊक होतेच. चिंतेने त्यांची वाचा आखडली होती.

हे संशोधन अमेरिकेतील आहे, हे मी विसरत नाही. पण चिंतेचा हा नियम आपल्या ऊसतोड कामगारांच्या तळावर लागू नसेल काय? नवराबायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात. पहाटेपासून फडात राबणाऱ्या त्या कोयत्याचे मूल बांधावर असते. त्या माउलीला संवादाचे धडे देणे ही क्रूर थट्टा होय.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत, व पुढे कोसबाडला, आदिवासी मुलांच्या अंगणातच शाळा नेली. आईला दोष न देता समाजाने मुलाकडे जावे, हा त्यामागचा विचार. 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाड्या देशभर नेल्या खऱ्या. परंतु सेविकेच्या श्रमाला ‘मानधन’ म्हणण्याची रीत पडली, आणि तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा 2022 चा निकाल यावा लागला.

तेव्हा वस्तीत जाताना उपदेश घेऊन जाऊ नका. पुरेशी मजुरी, असंघटित स्त्रीलाही पगारी प्रसूतिरजा, कामाच्या जागी पाळणाघर, आणि मुलाच्या बोलीत बोलणारी, पूर्ण वेतन मिळवणारी अंगणवाडी सेविका : या चार मागण्या घेऊन जा. बालकाच्या बुद्धीचा प्रश्न आपल्या मागणीपत्रकात आला पाहिजे, कारण त्याची पहिली पाच वर्षे कोणत्याही आंदोलनाला परत मिळवून देता येत नाहीत.