देवघरातील धूर आणि सुगंध



तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागतो, उदबत्ती लागते आणि घराला घरपण येते. हा संस्कार इतका अंगवळणी पडला आहे की, त्या काडीवर नेमके काय लिंपलेले आहे, हा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही. एका मध्यमवर्गीय घरात तो आला, तो आजोबांच्या खोकल्यामुळे. दम्याचा विकार असलेल्या आजोबांना बाजारातील उग्र वासाची उदबत्ती सोसेना. सायंप्रार्थनेच्या वेळी ते बाहेर व्हरांड्यात बसू लागले. सुनेला ते खटकले. ज्यांनी घराला प्रार्थना शिकवली, तेच प्रार्थनेबाहेर! तिने उदबत्तीची चौकशी आरंभली.

आज स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक उदबत्त्या कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि चिकट साल यांच्या असतात. ही बिनवासाची काडी नंतर कृत्रिम सुगंधी द्रव्यात बुडवून वाळवली जाते. मसाला उदबत्तीची रीत निराळी आहे. तिच्यात काष्ठे, मुळे, राळ यांचे चूर्णच मळलेले असते. वास वरून चढवावा लागत नाही. ‘अगरु’ हे संस्कृत नाव आणि ‘ऊद’ हे अरबीतून आलेले. मुळात दोन्ही एकाच सुगंधी लाकडाची नावे. अगरबत्ती आणि उदबत्ती हे शब्द त्यावरूनच आले. ते लाकूड आता इतके दुर्मीळ व महाग झाले आहे की, नित्याच्या अगरबत्तीत अगरु जवळजवळ नसतेच. नाव तेवढे उरले आहे.

हे शास्त्र आपल्याकडे गांभीर्याने जोपासले गेले. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त ‘गंधयुक्ती’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. सोळा द्रव्यांतून कोणतीही चार निवडायची, तर १८२० जोड्या होतात, असे गणितही त्या परंपरेने मांडले. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त धूपाचे वर्णन केले. ‘गंधवाद’ या ग्रंथाच्या हस्तलिखिताला तर मराठी टीका आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी विसाव्या शतकात तिचा अभ्यास केला. सुगंधाची विद्या मराठीतही नांदत होती, याचा हा पुरावाच होय.

सुनेला सामग्रीसाठी दूर जावे लागले नाही. नागरमोथा, कापूरकाचरी, वाळा ही तर दिवाळीच्या उटण्यातीलच द्रव्ये. काष्ठौषधींच्या दुकानात ती सहज मिळाली. चंदनचूर महाग पडला, म्हणून थोडाच घेतला. हिमालयातील जटामांसी अतितोडीमुळे दुर्मीळ होत चालली आहे, म्हणून ती वगळली. बांधणीसाठी मैदालकडीचे चूर्ण आणले. बांबू जाळू नये अशी त्या घराची धारणा. शिवाय काडीवर मसाला वळणे हे सरावाच्या हातांचे काम. तेव्हा काडीविना धूपकांड्या करायचे ठरले.

पहिला घाणा फसला. राळ अधिक पडल्याने कांडी पेटेना, पेटली की विझे. उन्हात वाळवल्याने तिला भेगा गेल्या आणि वासही उडाला. दुसऱ्या खेपेस माप बदलले: चंदनचूर दोन भाग, नागरमोथा दोन, वाळा एक, कापूरकाचरी एक, राळ अर्धा भाग आणि मैदालकडी दोन भाग. सारे वस्त्रगाळ करून थोड्या थोड्या पाण्याने कणकेसारखे मळले, तासभर झाकून ठेवले. मुलांनी पेन्सिलीहून बारीक कांड्या वळल्या आणि त्या चार-पाच दिवस सावलीत वाळल्या. या वेळी कांडी संथपणे जळत राहिली. वास मंद होता. खोलीत शिरताना जाणवावा, पण अंगावर येऊ नये, असा.

आजोबा त्या संध्याकाळी आत आले. परंतु येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. घरचा असला, वनस्पतींचा असला, तरी धूर तो धूरच. कोणत्याही ज्वलनातून सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात. दमेकऱ्याच्या श्वासनलिकेला धुराचे मूळ ठाऊक नसते. डॉक्टरांनीही तेच बजावले. म्हणून त्या घराने नियम केला: बोटाच्या पेराएवढाच तुकडा लावायचा, खिडकी उघडी ठेवायची आणि धूर विरल्यावरच आजोबांनी आत येऊन बसायचे. ज्या दिवशी त्यांना धाप लागेल, त्या दिवशी केवळ निरांजन. देवाला तेवढेही पुरते.

या प्रयोगातून पैशांची बचत झाली नाही. उलट चंदनाने खर्च वाढवलाच. लाभ झाला तो निराळा. मुलांना वाळ्याचा आणि नागरमोथ्याचा वास वेगळा ओळखता येऊ लागला. परंपरा म्हणजे काय, हे त्यांना पिठाने माखलेल्या हातांनी कळले. आणि परंपरा जपताना घरातील दुबळ्या जिवाचा श्वास आधी पाहायचा असतो, हेही कळले.

आपण देवापुढे जे लावतो ते काय आहे, हे जाणून घेणे हाही पूजेचाच भाग आहे. सुगंध सर्वांनी मिळून घ्यावयाचा असतो. त्यासाठी घरातील कुणालाही उंबऱ्याबाहेर बसावे लागू नये.