तक्रार कागदावर येऊ द्या

(विद्यापीठातील कर्मचारी स्त्रियांच्या बैठकीत केलेले भाषण)



विद्यापीठ म्हणजे ज्ञानमंदिर, असं आपण ऐकत आलो. पण वसतिगृहाचे संडास धुणाऱ्या बाईला, परीक्षा विभागात रात्री उशिरापर्यंत गठ्ठे लावणाऱ्या हंगामी मुलीला, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईंना विचारा. त्यांच्या लेखी हे कामाचं ठिकाण आहे. इथे कुणाच्या हाती हजेरी आहे, कुणाच्या हाती पुढच्या वर्षीची नेमणूक. छळ याच सत्तेच्या जोरावर होतो आणि याच भीतीने दडपला जातो.

आजचा कायदा मेहेरबानीने मिळालेला नाही. राजस्थानातली भंवरीदेवी सरकारी कार्यक्रमातली 'साथिन'. बालविवाह रोखायला गेली म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९७ साली विशाखा निकाल आला आणि २०१३ साली कायदा झाला.

तक्रार केली की कार्यालय म्हणतं, 'ती आमची नाही, कंत्राटदाराची बाई आहे.' कायदा हे मानत नाही. कायम, हंगामी, रोजंदारी, कंत्राटी, बिनपगारी, सगळ्या त्यात येतात.

तक्रार समितीची अध्यक्ष वरच्या पदावरची स्त्री असावी लागते, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरची. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम सांगतात की कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख समितीवर नकोत. ज्यांच्याविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही, तेच समोर बसले तर बोलणार कोण?

तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे, उपकार नव्हे. तारीख, जागा, तो काय बोलला, कोण जवळ होतं, हे त्याच दिवशी वहीत टिपून ठेवा. चौकशी चालू असताना त्याची किंवा तुमची बदली, अथवा तीन महिन्यांपर्यंत रजा लेखी मागता येते. समितीकडे गेलात म्हणून पोलिसांचा दरवाजा बंद होत नाही. जातिवाचक अपमान झाला असेल तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदाही आहे.

'लवकर निकाल लावा' असं आपण म्हणतो. पण गोवा विद्यापीठाचं प्रकरण पाहा. २००९ साली विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. पुढे त्याला बडतर्फ केलं. पण समितीने चौकशी घाईने उरकली, त्याला बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही, म्हणून मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी! म्हणून समितीकडे नव्वद दिवसांची मुदत जशी मागायची, तशीच नीट, नियमाने चौकशीही मागायची. त्यात फायदा तक्रार करणारीचाच आहे.

उद्या कामावर गेलात की एवढंच करा. समिती नेमल्याचा आदेश दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. तो शोधा, नावं वहीत उतरवा. सापडला नाही तर चौघींनी मिळून लेखी मागा, अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. एकटीने जाऊ नका आणि एकटीला जाऊ देऊ नका.